नृत्यपथकाचा संसार



कामगार संघटनेचा माणूस बॅलेवर बोलणार हे पत्रिकेत वाचून काही मंडळी केवळ गंमत पाहायला आली असतील. त्यांचे प्रथम स्वागत करतो. मी नाचलो आहे तो फक्त गणपतीच्या मिरवणुकीत, आणि तेही माझ्या बायकोच्या मते न नाचल्यासारखेच. १९८२ चा गिरणी संप झाला त्या वेळी मी शाळेत होतो. संप लांबला आणि शाळा सुटली. पुढे जे काही शिकलो ते रात्रशाळेत आणि संघटनेच्या कचेरीतल्या पुस्तकांच्या कपाटापुढे. तेव्हा नृत्यशास्त्रातील बारकावे माझ्याकडून अपेक्षू नका. मी बोलणार आहे ते नृत्यपथकाच्या संसाराविषयी. वीस-पंचवीस माणसे एकत्र येतात, नाचतात, आणि तरीही दुपारी त्यांना भूक लागते. हा संसार चालतो कसा आणि मोडतो कशाने, एवढाच माझा विषय.

बॅले हा शब्द आपल्याकडे दोन अर्थांनी चालतो. एक युरोपातला, पायाच्या बोटांवर शरीर तोलून करावयाचा. दुसरा आपल्याकडे उदयशंकरांच्या काळापासून रूढ झालेला: एखाद्या कथेवर, अनेक नर्तकांनी मिळून, वाद्यवृंदाच्या साथीने, बहुधा संवादावाचून केलेले नृत्यनाट्य. मी मुख्यतः या दुसऱ्याविषयी बोलणार आहे.

या विषयाकडे मी वळलो तो ना. म. जोशी यांच्यामुळे. कामगार चळवळीतल्या माणसाला हे नाव सांगावे लागत नाही. परंतु तरुण श्रोत्यांसाठी सांगतो. कुलाबा जिल्ह्यातल्या गोरेगावचा हा माणूस भारत सेवक समाजात होता. १९११ साली त्यांनी सोशल सर्व्हिस लीग काढली, १९२० साली आयटकच्या स्थापनेत पुढाकार घेतला आणि १९२१ पासून पंचवीसएक वर्षे मध्यवर्ती कायदेमंडळात कामगारांची बाजू मांडली. भाषण कोरडे, आकडे पक्के, आवाज कधी चढायचा नाही अशी त्यांची ख्याती. अशा माणसाचे नाव मला एका वेगळ्याच ठिकाणी आढळले. २५ मे १९४३ रोजी मुंबईत इंडियन पीपल्स थिएटर असोसिएशन, म्हणजे आपली ‘इप्टा’, स्थापन झाली, तिचे पहिले अध्यक्ष ना. म. जोशी! सरचिटणीस अनिल डिसिल्वा, खजिनदार ख्वाजा अहमद अब्बास, आणि अध्यक्षस्थानी हा अपघात-भरपाईच्या कायद्यावर बोलणारा गृहस्थ. मी प्रथम चकित झालो. मग ध्यानात आले की परळच्या दामोदर हॉलमध्ये गिरणी कामगारांनी जी रंगभूमी उभी केली ती जोशींच्या लीगच्याच छपराखाली. कामगाराला पगाराइतकीच मोकळ्या संध्याकाळची गरज असते, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नव्हते.

१९४३ हे वर्षच भयंकर होते. बंगालात तीस लाखांच्या आसपास माणसे दुष्काळाने आणि त्यामागून आलेल्या रोगराईने मेली. विनय रॉय यांचे पथक गाणी आणि नृत्ये घेऊन मदत गोळा करीत देशभर हिंडले. त्या पथकाचा परिणाम पाहून मुंबईत एक कायमचे मध्यवर्ती पथक उभारावे असे ठरले. शिकवायला मनुष्य हवा होता, तो मिळाला अल्मोड्याहून.

अल्मोड्याला उदयशंकरांनी एक संस्कृती केंद्र काढले होते. तिथे कथकलीला शंकरन नंबुद्री, मणिपुरीला अमोबी सिंग, भरतनाट्यमला कंदप्पा पिल्ले आणि संगीताला अल्लाउद्दीन खाँ. एवढे गुरू एका डोंगरावर पुन्हा कधी जमले असतील असे वाटत नाही. उदयशंकरांनी ‘श्रम आणि यंत्र’ या विषयावरही एक बॅले बसवला होता. परंतु केंद्राचा खर्च मोठा, त्याला आधार परदेशी मित्रांच्या देणग्यांचा, आणि वर महायुद्ध. १९४४ च्या सुमारास केंद्र बंद पडले. त्या छत्राखालची माणसे देशभर पांगली. एक तरुण पुण्याला प्रभात कंपनीत आला, तो पुढे गुरुदत्त म्हणून प्रसिद्ध झाला. शांती बर्धन, सचिन शंकर, नरेंद्र शर्मा, प्रभात गांगुली असे कितीतरी जण मुंबईला आले.

शांती बर्धन कोमिल्ल्याचे, जन्म १९१६ चा. त्यांच्या हाताखाली अंधेरीला पथकाचे काम सुरू झाले. मंडळी एकत्र राहत, एकत्र जेवत, एकत्र तालीम करीत. कलावंतांच्या कम्यूनविषयी आपल्याकडे फार रम्य बोलले जाते. माझी आई गिरणगावात खानावळ चालवीत होती, म्हणून मला त्यातले वरण किती पातळ असते ते ठाऊक आहे. पण पातळ का असेना, दोन वेळचे ठरलेले होते, आणि त्यामुळे सकाळी उठून नाचता येत होते. या पथकाने ‘स्पिरिट ऑफ इंडिया’ आणि ‘अमर भारत’ असे दोन मोठे बॅले केले. पंचविशीतले रविशंकर संगीत द्यायला आले. ‘सारे जहाँ से अच्छा’ची आज आपण म्हणतो ती चाल १९४५ साली इप्टाच्याच कामात त्यांनी बांधली. चित्रकार चित्तप्रसाद यांनी नगारा वाजवणाऱ्याचे जे चित्र काढले ते इप्टाची खूण झाले. इकडे १९४४ सालीच अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर यांचे लालबावटा कलापथक उभे राहिले. त्यांनी तमाशा आणि पोवाडा हाती घेतला, अंधेरीकरांनी बॅले. दोन्हींचे भांडवल घामाचेच.

आणि तरीही १९४७ उजाडेपर्यंत मध्यवर्ती पथक विसर्जित झाले. नर्तक वाईट नव्हते, प्रेक्षक पाठ फिरवून गेले नव्हते. पथक एकाच चळवळीच्या आसऱ्याने उभे होते. तो आसरा सरकला आणि वीस-पंचवीस माणसांचा संसार मोडला. अल्मोड्याचेही काही फारसे निराळे नव्हते. तिथे चळवळीच्या जागी दाते होते, इतकेच.

इथे थोडा हिशेब मांडतो, कारण त्यावाचून पुढचे समजणार नाही. माझे वडील साचाखात्यात होते. त्यांच्याही आधीच्या पिढीत, १९२८ च्या मोठ्या संपात, एक तक्रार ही होती की विणकराने दोन साचे सांभाळायचे ते मालक तीन सांभाळायला सांगतात. मालकाचे म्हणणे, यंत्र सुधारले, आता एक माणूस जास्त कापड काढू शकतो. गिरणीत ते खरेही असेल. भांडण होते ते वाढलेल्या कापडातला वाटा कोणाचा यावर. नाचाला हे लागू करून पाहा. वीस नर्तकांचा बॅले दहा नर्तकांनी करता येत नाही. तासाभराचे नृत्य पाऊण तासात उरकले तर उत्पादन वाढत नाही, नृत्य बिघडते. तालीम शंभर वर्षांपूर्वी जेवढी लागे तेवढीच आज लागते. बाकी सगळीकडे यंत्राने काम वाढते, त्याबरोबर मजुरी आणि महागाई वाढते, आणि नर्तकाला मात्र त्याच महागाईत शंभर वर्षांपूर्वीच्या वेगाने काम करावे लागते. म्हणून तिकिटांच्या पैशांत पथकाचा खर्च कधी भागत नाही. बॉमोल आणि बोवेन या दोन अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ साली याच विषयावर ग्रंथ लिहिला. तो वाचण्याइतके इंग्रजी मला फार कष्टाने आले, परंतु त्यातले मुख्य सूत्र आमच्या साचाखात्यातल्या कोणाही जॉबरला पाच मिनिटांत पटले असते.

तेव्हा पथकाला जोडीदार लागतातच. त्यात भीक मागण्यासारखे काही नाही. प्रश्न एवढाच की जोडीदार किती, आणि त्यांनी बदल्यात काय मागायचे.

पथक विसर्जित झाल्यावर त्यातल्या मंडळींनी नेहरूंच्या ग्रंथावरून ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ हा बॅले केला, रविशंकरांचे संगीत आणि बर्धनांची रचना. १९४७ साली दिल्लीला आशियाई परिषदेच्या वेळी तो झाला आणि गाजला. परंतु गाजलेला प्रयोग म्हणजे चालणारी संस्था नव्हे. पुन्हा पांगापांग. त्यातच बर्धनांना क्षयाने गाठले.

त्या आजारातून जेमतेम उठून या माणसाने १९५२ साली मुंबईत ‘लिटल बॅले ट्रूप’ काढला. नावातच ‘लिटल’ आहे, ते मला फार शहाणपणाचे वाटते. सोबत पत्नी गुल बर्धन, प्रभात गांगुली, मुखवट्यांचे आणि सजावटीचे काम करणारे अप्पुन्नी कर्था, संगीताला सरोदवादक बहादूर खाँ. आणि पुढच्या वर्षी त्यांनी ‘रामायण’ रंगभूमीवर आणले.

रामायण आपल्याला नवे नाही. त्यांनी काय केले ते पाहा. जत्रेत कळसूत्री बाहुल्यांचा खेळ चालला आहे अशी कल्पना; परंतु बाहुल्या म्हणजे जिवंत नर्तक. अंग लाकडासारखे ताठ, सांधा वळायचा तो जणू दोरी ओढल्यासारखा, एकेका झटक्याने. चेहऱ्यावर कोनाकोनांचे रंगवलेले मुखवटे. आपल्या शास्त्रीय नृत्यात निम्मा अभिनय डोळ्यांत असतो. इथे डोळेच बंद करून टाकले. राग, शोक, लाज, जे काय सांगायचे ते मानेच्या कलाने आणि खांद्याच्या रेषेने. क्षयाने फुप्फुसे पोखरलेल्या रचनाकाराने उड्यांच्या आणि दमसासाच्या नाचाऐवजी हा आवरलेला, मोजका नाच शोधावा, यात काही संबंध असेल का? मला वाटते असावा. पण हा माझा तर्क आहे, शास्त्र नव्हे.

या मुखवट्यांचा एक परिणाम मात्र तर्काचा नाही. मुखवटा घातला की नट-नटी उरत नाही. राम कोणाचा मुलगा, सीता दिसायला कशी, याला अर्थ राहत नाही. गिरणीत ‘बदली’ नावाचा प्रकार होता. कायम कामगार आला नाही की दारावर उभा असलेला बदली आत घेत. बदलीचे हाल आम्ही फार पाहिले, त्या पद्धतीचा मी कैवारी नाही. परंतु लिटल बॅले ट्रूपच्या रामायणात कोणत्याही अंगाला बदली घेता येत असे आणि खेळ तोच राहत असे. त्यातली माणसे बदलत गेली, रामायण पुढे कित्येक दशके होत राहिले, देशात आणि परदेशांतही.

आणि ही सोय फार लवकर कामी आली. १९५४ साली शांती बर्धन गेले. संस्थेला दोन वर्षे झाली होती. ‘पंचतंत्र’ अर्धे बसले होते. आपल्याकडच्या किती नाटक मंडळ्या मालक गेला त्या रात्री संपल्या याची यादी तुम्हीच माझ्यापेक्षा चांगली सांगाल. इथे गुल बर्धन यांनी कारभार हाती घेतला, प्रभात गांगुलींनी रचना हाती घेतली, आणि पंचतंत्र पुरे झाले. कथा मित्रप्राप्तीची: कावळा, उंदीर, कासव, हरिण. पुन्हा नवे आव्हान. रामायणात लाकूड व्हायचे होते, इथे पशू व्हायचे. एका यशाची नक्कल करीत बसले असते तर दुसरे बाहुल्यांचे नाटक आले असते, आणि पाच वर्षांत लोक कंटाळले असते. नवे काम ही पथकाची चैन नाही. नवे काम थांबले की चांगले नर्तक आधी जातात. उरतात ते ज्यांना दुसरीकडे कोणी घेत नाही.

१९६४ साली हे पथक मुंबई सोडून ग्वाल्हेरला गेले, आणि ऐंशीच्या दशकात भोपाळला स्थिरावले. ‘रंगश्री लिटल बॅले ट्रूप’ या नावाने ते ओळखले जाते. गुल बर्धन २०१० साली वारल्या. त्याच वर्षी त्यांना पद्मश्री मिळाली होती. म्हणजे पतीच्या मागे छप्पन्न वर्षे त्यांनी हा संसार ओढला. शांती बर्धनांविषयी लिहिणारे पुष्कळ आहेत. या बाईंनी छप्पन्न वर्षांत किती अर्ज लिहिले असतील, किती सचिवांच्या दारात बसल्या असतील, कोणाच्या आजारपणाला पैसे कुठून आणले असतील, त्याचा इतिहास कोणी लिहीत नाही. संघटनेचे काम करणाऱ्याला मात्र तो न लिहिताही दिसतो.

मुंबईने हे पथक गमावले, याची मला मुंबईकर म्हणून खंत आहे. या शहरात गाणाऱ्याला खोली पुरते, लिहिणाऱ्याला पाट पुरतो. वीस नर्तकांना मात्र मोकळी जमीन लागते, आणि मोकळी जमीन म्हटले की मुंबईत आधी बिल्डर उभा राहतो. गिरण्यांच्या जमिनींचे पुढे काय झाले ते आपण सर्वांनी पाहिले. त्या जमिनीवर एखादे तालमीचे सभागृह मागावे असे आमच्या चळवळीतही फार थोड्यांना सुचले. घरांचीच मागणी पुरी होत नव्हती, हेही खरे.

आता जरा दूर जातो, कारण जोडीदारीचा आणि नर्तकाच्या मजुरीचा प्रश्न जितका स्पष्ट तिथे दिसला तितका मला दुसरीकडे दिसला नाही. न्यूयॉर्कमध्ये हार्लेम नावाची काळ्या लोकांची वस्ती आहे. तिथे १९६९ साली आर्थर मिचेल या कृष्णवर्णी नर्तकाने, आपले शिक्षक कारेल शूक यांच्यासह ‘डान्स थिएटर ऑफ हार्लेम’ ही संस्था काढली. मिचेल हे न्यूयॉर्क सिटी बॅलेतले प्रमुख नर्तक होते. आदल्या वर्षी मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून झाला होता; वस्तीतल्या पोरांसाठी काहीतरी करायचे म्हणून एका गॅरेजमध्ये वर्ग भरू लागला. युरोपी बॅलेत मुली फिक्या गुलाबी रंगाचे मोजे आणि बूट घालतात, म्हणजे ते गोऱ्या कातडीचेच रंग. हार्लेमच्या मुलींनी आपापल्या वर्णाप्रमाणे मोजे-बूट रंगवून घेतले. ‘जिझेल’ हा जुना बॅले त्यांनी १९८४ साली लुइझियानातल्या काळ्या समाजात नेऊन बसवला. अशी ही वस्तीची, अभिमानाची संस्था. तिथेच १९९७ साली नर्तकांनी संप केला! मिचेल थोर होते याविषयी वाद नाही. परंतु ध्येयवादी संस्थेतसुद्धा कामाचे तास आणि पगार हे प्रश्न ध्येयाने सुटत नाहीत. २००४ साली कर्जापायी संस्थेचे प्रयोग करणारे पथक बंद करावे लागले. शाळा मात्र चालू राहिली, आणि त्या शाळेच्या आधाराने २०१२ साली पथक पुन्हा उभे राहिले.

हे सगळे वाचलेले. आता जे पाहिले आहे ते थोडक्यात सांगतो.

आमच्या संघटनेच्या कचेरीवर एक हॉल आहे. तीन वर्षांपूर्वी सफाई कामगारांची, रिक्षावाल्यांची, इस्पितळातल्या आयांची काही मुले-मुली तालमीसाठी तो मागायला आली. कार्यकारिणीत बराच वाद झाला. खजिनदारांनी विजेच्या बिलाचा प्रश्न काढला, तो रास्त होता. एका ज्येष्ठ सभासदाने विचारले, हॉल आपला, वीज आपली, मग विषय त्यांनी का ठरवायचा? मी म्हटले, अंधेरीचे पथक आठवा. शेवटी कागदावर लिहून घेतले: आठवड्यातल्या दोन संध्याकाळी हॉल आमचा, संगीत एका शाळेच्या शिक्षकांचे, कपडे शिंपीकाम करणाऱ्या बायकांच्या गटाचे, आणि त्याची मजुरी रोख, तिकिटांतून खर्च वजा जाता उरेल ते नाचणाऱ्यांत सारखे वाटायचे. आणि विषयावर संघटनेचा अधिकार नाही. हा शेवटचा मुद्दा चार विरुद्ध तीन मतांनी मंजूर झाला.

विषय त्यांनी निवडला ‘घंटागाडी’. मला भीती होती, आता घोषणा येतील. घोषणा आली नाही. पहाटेची रिकामी गल्ली, घंटा, आणि खराटा घेतलेल्या आठ मुली, एवढेच. रंगीत तालमीला आम्ही सफाई खात्यातल्या बायकांना बोलावले. खेळ संपल्यावर त्यांतली एक मावशी उठून मंचावर गेली आणि पहिल्या मुलीच्या हातून खराटा काढून घेत म्हणाली, “अगं, असा धरलास तर दुपारपर्यंत कंबर मोडेल तुझी. वजन मागच्या पायावर ठेव.” आणि तिने झाडून दाखवले. दोन पावले, वळण, पुन्हा दोन पावले. पोरींनी ते तसेच उचलले. आता त्या बॅलेची सुरुवात त्या चालीने होते, आणि हस्तपत्रिकेत रचनाकारांच्या नावांत त्या मावशीचेही नाव छापलेले असते. तिचा वाटाही इतरांबरोबर निघतो. तो घ्यायला ती आधी तयार नव्हती. खजिनदारांनी पावतीवर सही घेऊनच दिला.

सध्या अडचण आहे ती जमिनीची. हॉलला शहाबादी फरशी आहे, आणि दगडावर नाचून पोरींचे गुडघे सुजतात. लाकडी फळ्या मारायच्या आहेत. निम्मे पैसे जमले आहेत. सुतार आमच्याच संघटनेचा सभासद आहे, परंतु मजुरी पुरी घेणार म्हणतो, आणि त्यात त्याचे काही चुकते असे मी म्हणू शकत नाही.